आहारविषयक राष्ट्रीय मार्गदर्शन : प्रयोगशाळेपासून घरच्या वाटीपर्यंत

(पोषण माहानिमित्त पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी पर्यवेक्षिका व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यक किंवा रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. तज्ज्ञांनी सिद्ध केलेले ज्ञान लोकांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, एवढेच माहिती अधिकाऱ्याचे काम. परंतु हे काम करताना माझ्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीनेच मला या विषयाकडे गंभीरपणे पाहावयास लावले.

काही वर्षांपूर्वी समतोल आहाराविषयी एक भित्तिपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. चित्र सुबक झाले होते. ताटात गव्हाची पोळी, पनीर, फुलकोबीची भाजी आणि सफरचंदाच्या फोडी होत्या. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी अंगणवाडीच्या भिंतीवर ते लावीत असता एक वयस्कर बाई जवळ आल्या. चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाल्या, “साहेब, चित्र देखणं हाय. पण ह्यातलं आमच्या घरात मीठ तेवढं हाय. आमची नाचणी कुठं हाय? कुळीथ कुठं हाय?”

मला उत्तर देता आले नाही. आज मला जाणवते, ते असे की, चित्रातील शास्त्र खोटे नव्हते. परंतु ते त्या घरापर्यंत पोहोचले नव्हते. शासन आहारविषयक सल्ला कसा तयार करते, तो कसा प्रसृत होतो आणि वाटेत कोठे अडतो, हे आपण आज पाहू. ज्या ठिकाणी तो अडतो, त्याच ठिकाणी आपण सर्वजण काम करीत आहोत.

पाया कसा घातला गेला

आपल्या देशात या कार्याचा आरंभ झाला तो तमिळनाडूतील कुन्नूर येथे. १९१८ साली तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाची चौकशी सुरू केली. त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीतील फरक मॅककॅरिसन यांनी दाखवून दिला. १९३५ मध्ये डब्ल्यू. आर. एक्रॉइड संचालक झाले आणि १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांवरील त्यांची पुस्तिका शासनाने प्रसिद्ध केली. या पुस्तिकेमागील विचार फार मोलाचा होता. परदेशी कोष्टकांवरून आपल्या ज्वारी-बाजरीचा, तूर-मुगाचा हिशोब करता येत नाही. त्यांचे पृथक्करण येथेच झाले पाहिजे, हा तो विचार होय. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

आहारविषयक कोणतेही राष्ट्रीय मार्गदर्शन तीन प्रकारच्या माहितीवर उभे असते.

पहिली माहिती गरजेची. कोणत्या वयाच्या, किती श्रम करणाऱ्या व्यक्तीला किती उष्मांक, किती प्रथिने, किती लोह लागते, ते ठरवावे लागते. भारतीयांसाठी अशी प्रमाणे प्रथम १९४४ मध्ये ठरविण्यात आली. नंतर ती वेळोवेळी सुधारली गेली आणि अलीकडील सुधारणा २०२० ची आहे. तीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाकाठी सुमारे ५४ ग्रॅम, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने असावीत असे मानले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिफारस केलेले प्रमाण हे जवळजवळ सर्व निरोगी लोकांची गरज भागावी अशा बेताने थोडे वरचे धरलेले असते. त्याहून थोडे कमी खाणारा प्रत्येक मनुष्य कुपोषित आहे, असा त्याचा अर्थ करणे चूक होईल.

दुसरी माहिती पदार्थांची. १९३७ च्या त्या पुस्तिकेची परंपरा पुढे चालू राहिली आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधातील कॅल्शियमच्या जवळजवळ तिप्पट, हे आपण सांगू शकतो ते अशा पृथक्करणाच्या आधारावर. त्या बाईंचा प्रश्न किती रास्त होता, हे या एका आकड्यावरून कळून येईल.

तिसरी माहिती लोक प्रत्यक्षात काय खातात याची. १९७२ मध्ये राष्ट्रीय पोषण संनियंत्रण केंद्राची स्थापना झाली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याचे कार्यकर्ते खेडोपाडी घरोघर जात आणि आदल्या दिवशी काय शिजले, कोणाच्या वाट्याला किती आले, याची प्रमाणित वाट्यांच्या साहाय्याने नोंद करीत. हे काम कष्टाचे आणि दिसावयास साधे. तथापि, सल्ला कोणाला व कशासाठी द्यावयाचा, हे याच नोंदींवरून उमगते. २०१५ मध्ये हे केंद्र बंद झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या पाहण्या आज आपणास पुष्कळ माहिती देतात. परंतु घराघरांतील ताटाची नित्यनियमाने घेतलेली ती नोंद बंद पडणे ही हानीच म्हणावी लागेल.

शास्त्राने स्वतःची दुरुस्ती केली, तेव्हा

सरकारी सल्ला वारंवार बदलतो, मग विश्वास कशावर ठेवावा, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर एका जुन्या प्रकरणात सापडते आणि त्यात महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचा वाटा आहे.

१९६० नंतरच्या दशकात जगभर असे मानले जात होते की, गरीब देशांतील कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या अभावात आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा दिला. प्रथिनयुक्त कृत्रिम खाद्ये, बिस्किटे, पेये यांच्या योजना आखल्या जाऊ लागल्या. त्या वेळी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून काम केलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आहार-पाहण्यांतील आकडे तपासून निराळाच निष्कर्ष मांडला. जेथे आहारात प्रथिने कमी दिसतात, तेथे बहुधा एकूण अन्नच कमी असते. पोटभर भाकरी व डाळ मिळाली तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. उलट, पोट अर्धे रिकामे असेल तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते, असे ते प्रतिपादन होते. हैदराबादच्या संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पपोषित बालकांना मुख्यतः उष्मांक वाढविणारा पूरक आहार देऊन पाहिला. बालकांची वाढ सुधारली. हे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे हा विचार पुष्कळ अंशी मान्य झाला. गरिबाला महागडे प्रथिनखाद्य विकत घ्यावयास सांगण्याऐवजी त्याच्या घरचे नेहमीचे अन्न पुरेसे कसे होईल ते पाहावे, अशी दिशा त्यातून मिळाली. प्रथिनांच्या गुणवत्तेविषयी व निरनिराळ्या वयोगटांच्या गरजेविषयी नंतरही संशोधन होत राहिले आणि आकडे पुन्हा बदलले. यास्तव, सल्ला बदलला म्हणून तो अविश्वसनीय ठरत नाही. बदलाचे कारण लोकांना उघडपणे सांगितले नाही, तर मात्र विश्वास डळमळतो. कारण सांगण्याची ही जबाबदारी प्रसिद्धी खात्याइतकीच गावातील शिक्षकाचीही आहे.

मार्गदर्शक तत्त्वे

गरजेचे कोष्टक हे तज्ज्ञासाठी असते. लोकांना सांगावे लागते ते पदार्थांच्या भाषेत. लोह एवढे मिलिग्रॅम घ्या, असे म्हणून कोणतीही गृहिणी स्वयंपाक करीत नाही. म्हणूनच १९९० नंतर अनेक देशांनी पदार्थांवर आधारलेली तत्त्वे तयार करण्याचा मार्ग पत्करला. अमेरिकेने १९९२ मध्ये मनोऱ्याचे चित्र काढले व २०११ मध्ये त्याच्या जागी ताट आणले. जपानने २००५ मध्ये भोवऱ्याची आकृती निवडली. ब्राझीलने २०१४ मध्ये तर पदार्थ कारखान्यात किती प्रक्रिया होऊन आला, यालाच महत्त्व देऊन घरी शिजविलेल्या ताज्या अन्नाचा पुरस्कार केला.

आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. २०११ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली आणि मे २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी १७ तत्त्वांची नवी आवृत्ती प्रकाशित केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भाराचा संबंध अयोग्य आहाराशी आहे, असा अंदाज या आवृत्तीत दिलेला आहे. पूर्वीची चिंता अपुऱ्या अन्नाची होती. ती संपलेली नाही आणि तिच्या जोडीला मधुमेह, रक्तदाब व लठ्ठपणा यांची नवी चिंता आली आहे. एकाच घरात नातू खुरटलेला आणि आजोबा मधुमेही, असे दृश्य आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी होती आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या.

दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीसाठी या तत्त्वांमध्ये ढोबळमानाने पुढील प्रमाण सुचविले आहे : तृणधान्ये व भरड धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा त्यांच्या जागी अंडी, मासे, मांस ८५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारखे तेलबियांचे व कवचफळांचे पदार्थ ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. मीठ ५ ग्रॅमच्या वर नसावे. ही वजने कच्च्या, न शिजविलेल्या पदार्थांची आहेत.

ग्रॅम आणि वाटी

हे आकडे आपण फळ्यावर लिहिले, तर ते दुसऱ्या दिवशी पुसले जातील. त्यांना घरच्या हिशोबात उतरविले तर ते टिकतील. उदाहरण म्हणून मीठ घेऊ. दिवसाला माणशी ५ ग्रॅम म्हणजे पाच जणांच्या घराला महिन्यास ७५० ग्रॅम, म्हणजेच पाऊण किलो. महिन्याच्या वाणसामानात मिठाची किलोची पिशवी येते आणि महिना संपण्याआधीच ती संपते, असे असेल तर त्या घराला कोणत्याही व्याख्यानाची गरज नाही. पिशवीच त्यांना सारे सांगेल. लोणचे, पापड व पाकीटबंद पदार्थ यांतील मीठ त्याहून निराळे. तेलाचेही तसेच. २७ ग्रॅम प्रमाणे पाच प्रौढांना महिन्यास सुमारे चार किलो तेल-तूप पुरावे.

रक्तक्षयाच्या बाबतीत तर बिनखर्चाचा एक सल्ला आहे. जेवणाच्या आधी व नंतर निदान तासभर चहा घेऊ नये, कारण चहातील काही द्रव्ये अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतात. उलट भाजी-आमटीवर लिंबू पिळल्यास लोहाच्या शोषणास मदत होते. त्याचप्रमाणे तीन भाग धान्याला एक भाग डाळ असे प्रमाण राखले, तर दोहोंतील प्रथिने परस्परांना पूरक ठरतात. भाकरी आणि आमटी, खिचडी, कुळथाचे पिठले आणि भात ही आपल्या आजी-पणजींनी जमविलेली जोडी शास्त्रालाही मान्य आहे. अशा वेळी सल्ला देणाऱ्याने नवे काही शिकविण्याचा आव आणू नये. लोकांजवळ जे चांगले आहे त्याला आधी दुजोरा द्यावा.

सल्ला आणि शिधा

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो. सरकारी व्यासपीठावरून बोलत असलो तरी तो टाळणे योग्य होणार नाही.

माणशी ८५ ग्रॅम हे प्रमाण धरले, तर पाच प्रौढांच्या शाकाहारी घराला महिन्यास पावणेतेरा किलो डाळी-कडधान्ये लागतील. आपल्या बाजारातील आजच्या भावाने त्याचा गुणाकार करून पाहावा आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या मिळकतीशी ताडून पाहावा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, अर्थात सुचविलेल्या तृणधान्याच्या दोन-तृतीयांश. ही मदत लहान नव्हे. मात्र हा शिधा धान्यापुरता आहे. डाळ, भाजी, दूध व तेल यांचा भार मुख्यतः त्या घरावरच राहतो. ज्याला डाळ परवडत नाही त्याला डाळीचे महत्त्व पटवून देणे म्हणजे त्याच्या गरिबीवर त्याचाच दोष लावण्यासारखे होय. म्हणून आहाराचा सल्ला व अन्नाची उपलब्धता या दोन गोष्टी एकत्र चालल्या पाहिजेत.

त्या एकत्र चालू शकतात, याचीही उदाहरणे आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने पोषणाचे शिक्षण आणि पूरक आहार एकाच छपराखाली आणले. शालेय भोजनात प्राथमिक वर्गाच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले असून त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. आपल्या राज्याने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेद्वारे एकवेळच्या गरम, चौरस जेवणाची सोय केली. या सर्व ठिकाणी शास्त्रातील आकडा ताटात पडतो. आकडा कागदावर आणि ताट निराळे, असे होते ते देखरेखीच्या अभावी. आणि देखरेख ही आपणा सर्वांच्या हातात आहे.

आपण काय करावयाचे

शिक्षकांना माझी विनंती अशी की, एक वजनकाटा वर्गात आणावा आणि मुलांकडून घरच्या वाट्या आणवून त्यांत कच्ची तूरडाळ, ज्वारीचे पीठ, शेंगदाणे किती ग्रॅम मावतात ते मोजवून घ्यावे. गणित, विज्ञान आणि आरोग्य हे तिन्ही पाठ त्यात आले. ती मुले घरी जाऊन जे सांगतील, ते कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा अधिक ऐकले जाईल.

पंचायत सदस्यांनी अंगणवाडी व शाळेच्या आवारातील परसबागेस पाणी व कुंपण द्यावे. शेवगा, तांदुळजा, अंबाडी, लिंबू यांना फार खर्च येत नाही. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिमीठ, अतिसाखर व अतिस्निग्ध पदार्थ मुलांना विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनी मनाई केली आहे. हा नियम आपल्या गावात पाळला जातो काय, हे ग्रामसभेत विचारावे. महिन्यातून एकदा शाळेतील डाळीचे माप आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावे.

अधिकाऱ्यांना, आणि त्यांत मी स्वतःही आलो, एकच सांगावयाचे आहे. वरून आलेला मजकूर जसाच्या तसा खाली पाठवू नये. तो आपल्या तालुक्यातील पिकांशी, बाजाराशी व मापांशी ताडून पाहावा. आणि लोक जे सांगतील ते वर कळवावे. डाळ परवडत नाही, हे घरोघरी ऐकू येत असेल तर ती तक्रार समजून बाजूला टाकण्यासारखी नसते. पुढचे मार्गदर्शन व पुढच्या योजना ठरविताना लागणारी ती माहितीच होय.

त्या अंगणवाडीत मी काही महिन्यांनी पुन्हा गेलो. सोबत दुसरे भित्तिपत्रक होते. त्यात नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, शेवग्याच्या पाल्याची भाजी, लिंबाची फोड आणि मूठभर शेंगदाणे होते. त्या बाईंनी ते पाहिले आणि विचारले, “आणि शेंगदाणं किती द्यायचं पोराला?” माझ्याजवळ उत्तर ग्रॅममध्ये होते. अंगणवाडीच्या ताईंनी माझ्या हातातून दाणे घेतले आणि मुलाची मूठ भरून दाखविली.